व्हिडिओ आले, तास तसाच राहिला: कोल्हापुरातल्या एका शिक्षक प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका शिक्षण संस्थेचं आहे. संस्था कोल्हापुरातली, जुनी. शहरात एक मोठी शाळा आणि करवीर, राधानगरी तालुक्यांत काही शाखा. माध्यम मराठी, बहुतेक शाखांत एकेक तुकडी सेमी इंग्रजी. शहरातल्या शाळेत आसपासच्या पेठांतली मुलं आणि वसतिगृहातली मुलं एकाच वर्गात बसतात. गावाकडच्या शाखांत ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या घरांतली मुलं. नववीला विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांना या संस्थेने फ्लिप्ड लर्निंगचं प्रशिक्षण दिलं. पहिल्या खेपेला त्यातून व्हिडिओ मिळाले आणि वर्ग होता तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला काही वर्ग खरोखर बदलले, काही नाही बदलले. दुसऱ्या फेरीची आखणी आणि वर्गनिरीक्षण आमच्या अध्यापक महाविद्यालयाकडे होतं, म्हणून हे लिहितोय. नाव कुणाचंच घेतलेलं नाही.

कल्पना आता बहुतेक शिक्षकांच्या कानावरून गेलेली असते. नुसतं ऐकून घ्यायचं ते मुलांनी घरी ऐकून यायचं आणि डोकं चालवून करायचं ते वर्गात, शिक्षकासमोर करायचं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी आपले तास रेकॉर्ड करायला घेतले आणि तिथून ही पद्धत गाजली. पण त्याच्या बऱ्याच आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. त्यांचे विद्यार्थी सूत्रांची अवघड उदाहरणं सोडवायचे आणि साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर आपटायचे. म्हणून त्यांनी वाचन घरी दिलं आणि वर्गात एकेक प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावलं. त्यांना व्हिडिओ लागतच नव्हता. पहिल्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट कुणी सांगितली असती तरी बराच फरक पडला असता.

पहिली फेरी

कोविडमध्ये इथल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने मोबाईलवर धडे रेकॉर्ड केले होते. संस्थाचालकांचा विचार असा, की निम्मं काम तर झालंच आहे, आता त्याला वळण लावायचं. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते तासही यातून भरले असते.

दिवाळीची सुट्टी संपता संपता दोन दिवसांची कार्यशाळा झाली. कोल्हापुरात शिक्षणावरचं कुठलंही भाषण शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणापासून सुरू होतं, तसं इथेही झालं, आणि तिथून थेट डिजिटल क्रांतीवर उडी मारली गेली. बाहेरून आलेल्या साधनव्यक्तींनी पहिला अख्खा दिवस पीपीटी दाखवत, वर्गात शिक्षकाने कमी बोलावं, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीन रेकॉर्डिंग, माईक, थंबनेल. शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. प्रत्येकाने महिन्याभरात एक व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं.

व्हिडिओ आले. पुढे निरीक्षणाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी ते बघितले. मेहनत सगळ्यांनीच घेतली होती, यात शंका नाही. पण बहुतेक व्हिडिओ म्हणजे फळ्यासमोरचा पूर्ण तास होता: मागच्या धड्याची उजळणी, प्रस्तावना, व्याख्या, उदाहरणं, शेवटी स्वाध्याय. एका सरांनी रिकाम्या खोलीत रेकॉर्डिंग करताना सवयीने ‘मागच्या बाकावरचं बोलणं बंद’ असा दम भरला होता आणि तो तसाच ठेवला होता. एडएक्स या ऑनलाइन शिक्षण मंचाच्या अभ्यासक्रमांतले व्हिडिओ लोक किती वेळ बघतात, याचा ६९ लाख वेळा बघण्याच्या नोंदींवरून २०१४ मध्ये अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतं, असं त्यात दिसलं. आणि तिथे बघणारे स्वतःहून शिकायला आलेले लोक होते. इथे तर नववीतलं पोरगं, संध्याकाळी डेअरीला दूध घालून आलेलं.

व्हिडिओची लांबी कमी करता येते. खरी गोम दुसऱ्या दिवशीच्या तासाला होती.

मागच्या बाकावरून दिसलेलं

करवीर तालुक्यातल्या शाखेत विज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. पहिल्या कार्यशाळेनंतर सगळ्यात मनापासून हे करून बघणाऱ्या त्याच. धडा धाराविद्युतचा. व्हिडिओ दोन दिवस आधी पालकांच्या ग्रुपवर गेला होता. तास सुरू झाला, मॅडमनी विचारलं, “कुणी कुणी बघितला?” हात अर्ध्याहूनही कमी वर आले, त्यातले काही शेजाऱ्याचा हात बघून. मॅडमनी क्षणभर विचार केला, खडू उचलला आणि विभवांतर म्हणजे काय इथपासून सगळं पुन्हा शिकवलं. तास छान झाला. चांगल्या शिक्षिका आहेत त्या.

पण तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वही उघडून बसलेली, वहीत व्हिडिओवरून उतरवलेली आकृती. आदल्या रात्री भावाशी भांडून तिने मोबाईल मिळवला होता, हे तिनेच मधल्या सुट्टीत सांगितलं. त्या तासाला तिला तोच धडा पुन्हा ऐकायला मिळाला. यातून जे शिकायचं ते ती शिकली असणार: पुढच्या वेळी भांडायचं नाही.

न बघता आलेल्यांसाठी पुन्हा शिकवलं की बघून आलेल्यांना शिक्षा होते, आणि दोन-तीन आठवड्यांत बघून येणारं कुणी उरत नाही. हा सापळा या पद्धतीत सगळीकडे आहे. मग शिक्षक म्हणतात, आमच्या मुलांना हे जमत नाही. मॅडमही तसंच म्हणाल्या: “बघूनच येत नाहीत ओ सर, मग मी काय करू? पोर्शन तर पुढं सरकायला पाहिजे.”

दुसऱ्या एका वर्गात वेगळंच दिसलं. शहरातली शाळा, बरीच मुलं बघून आलेली. सरांनी विचारलं, “समजलं?” वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणाला. आता ३५ मिनिटांच्या तासिकेतली ३२ मिनिटं समोर मोकळी. सरांनी स्वाध्यायातल्या प्रश्नांची उत्तरं सांगायला सुरुवात केली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. शिकवणं घरी गेलं होतं, पण त्याच्या जागी तासाला काय आणायचं, हे दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कुणी दाखवलंच नव्हतं. माझ्या मते सगळं फसण्याचं मूळ इथे होतं. रेंज, मोबाईल, पालक हे सगळं नंतरचं.

दुसरी फेरी: प्रशिक्षणच उलटं केलं

दुसऱ्या सत्रात शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी दीड-दोन तास बसायचं, मधल्या आठवड्यात वर्गात करून बघायचं, पुन्हा बसायचं, अशी आखणी केली. सलग दोन दिवस मागायचे नाहीत, हे ठरवूनच. शिक्षक प्रशिक्षणावर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून जे काम केलं, त्याचा गाभा हाच आहे की नुसतं सांगून आणि दाखवून कौशल्य वर्गापर्यंत पोचत नाही. करताना शेजारी कुणीतरी लागतं. थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये मांडलेला मुद्दाही आम्हाला पटलेला होता: शिक्षकाचं मत आधी बदलेल आणि मग तो वर्ग बदलेल, याची वाट बघू नये. वर्गात मुलं काहीतरी वेगळं करताना दिसली की मत मागाहून बदलतं.

पहिल्या शनिवारच्या आधी शिक्षकांना पाच मिनिटांचा एक व्हिडिओ आणि दोन पानं पाठवली. सोबत तीन प्रश्नांची चिठ्ठी: दोन मजकुरावरचे, तिसरा ‘यातलं तुमच्या शाळेत काय चालणार नाही, एका ओळीत लिहा’.

शनिवारी विचारलं तर निम्मे शिक्षक न बघता आलेले. कारणं ऐकताना माझ्या सहकारी मॅडमना हसू आवरेना. रेंज नव्हती. घरी पाहुणे होते. बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम लागलंय. ग्रुपवर इतके मेसेज येतात की दिसलंच नाही. एक सर प्रामाणिकपणे म्हणाले, “बघतो बघतो म्हणता झोप लागली ओ.” पुन्हा समजावून सांगितलं नाही. खोलीच्या कडेला एक टेबल होतं, त्यावर दोन टॅब आणि छापील पानं ठेवलेली. न बघितलेल्यांनी तिथे बसून आधी ते करायचं, चिठ्ठी लिहायची आणि मग गटात यायचं. बाकीच्यांचं काम सुरू झालं.

कडेच्या टेबलावर कुरकुर झाली. निवृत्तीला आलेले एक सर मोठ्याने म्हणाले, “आम्ही काय पोरं हाय काय, कोपऱ्यात बसवायला?” त्यांना उत्तर दुसऱ्या एका सरांनीच दिलं: “पोरांना पण हेच करायचंय की सर. बघा कसं वाटतंय ते.” वातावरण जरा ताणलं, पण दहा-बारा मिनिटांत टेबल रिकामं झालं आणि सगळे कामाला लागले. पुढच्या शनिवारी न बघता येणारे अगदी मोजके होते. कडेच्या टेबलाचा हा उपाय मग शिक्षकांनी जसाच्या तसा आपल्या वर्गात नेला. त्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

एका प्रश्नावर गेलेली दुपार

शनिवारच्या बैठकांतला सगळ्यात जास्त वेळ प्रश्न तयार करण्यात गेला. वर्गात वाद घडवणारा प्रश्न कसा असतो, हे कळायला तो आधी स्वतः अनुभवावा लागतो. म्हणून शिक्षकांनाच विचारलं: एका सेलला दोन सारखे दिवे एकसर जोडणीत जोडले, तर जास्त उजेड कोण देईल? एक, धन टोकाजवळचा दिवा. दोन, ऋण टोकाजवळचा. तीन, दोन्ही सारखाच. उत्तर बोटांनी द्यायचं, हात छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. मॅझर यांचा ठोकताळा असा की बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तर चर्चा करायला द्यावी. त्याहून कमी असली तर संकल्पनाच पुन्हा घ्यावी लागते, जास्त असली तर पुढे जावं.

खोलीत एकही असा गट नव्हता ज्यात मतभेद झाले नाहीत. पहिल्या दिव्यात थोडी वीज ‘खर्च’ होते, मग दुसऱ्याला कमी मिळते, असं मानणारी मुलं जगभर सापडतात. इथे काही शिक्षकही निघाले. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या शिक्षकाला नववीचं सगळं विज्ञान शिकवावं लागतं. फळ्यावर आपल्या क्रमाने शिकवताना त्याला अडचण येत नाही. मुलांचा वाद ऐकत वर्गात फिरायचं म्हटलं की मात्र कुठला प्रश्न कुठून येईल याची धास्ती वाटते. फ्लिपला होणाऱ्या विरोधातला मोठा भाग ही धास्ती असते, आणि तंत्रज्ञान जमत नाही या सबबीखाली ती लपवता येते. म्हणून प्रत्येक गटात भौतिकशास्त्राचा एक आणि जीवशास्त्राचा एक शिक्षक, असं मुद्दाम बसवलं होतं.

मग दिवे जोडून बघितले. दुकानातून आणलेले बॅटरीचे दोन छोटे बल्ब, एकाच डब्यातले. आणि ऋण टोकाजवळचा बल्ब स्पष्टपणे जास्त उजळ दिसला! ‘दोन’वाले खूश. ‘तीन’वाले गप्प. तेव्हा एका गणिताच्या सरांनीच सुचवलं, बल्बांची अदलाबदल करून बघू. होल्डर तसेच ठेवले, फक्त बल्ब बदलले. आता धन टोकाजवळचा उजळ. म्हणजे उजेड जागेवर ठरत नव्हता. तो बल्बच जास्त उजेड देत होता, कारण एकाच डब्यातले असले तरी दोघांचा रोध नेमका सारखा नव्हता. एकसर जोडणीत धारा दोघांतून एकच वाहते, ज्याचा रोध जास्त तो जास्त उजळतो. पाठ्यपुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, पण त्या अदलाबदलीनंतर खोलीत जो गोंगाट झाला तो कुठल्याही पीपीटीने झाला नसता. जीवशास्त्राच्या एक मॅडम म्हणाल्या, “हे मी सोमवारी वर्गात करणार. बल्ब मला द्या.”

त्या दुपारनंतर प्रत्येकाने आपापल्या पुढच्या धड्यासाठी दोन प्रश्न लिहायचे आणि ते दुसऱ्या गटाने फोडायचे, असं चालू झालं. सुरुवातीचे प्रश्न ‘ओहमचा नियम सांगा’ छापाचे होते. हळूहळू चुकीचे पर्याय चांगले यायला लागले. चुकीचा पर्याय लिहिण्यासाठी मुलं कुठे चुकतात ते माहीत असावं लागतं, आणि ते ज्ञान जुन्या शिक्षकांकडे जास्त असतं. कोपऱ्यात बसवल्याबद्दल चिडलेले सर या कामात सगळ्यांच्या पुढे होते. रासायनिक समीकरणात मुलं नेमकी काय घोटाळा करतात, हे त्यांना तोंडपाठ.

घर, मोबाईल आणि गळीत हंगाम

घरी बघून येण्याचा प्रश्न खराच होता. असर या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं ग्रामीण भारतातलं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. पण फोन असलेल्या घरांतल्याही सुमारे २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. नुसता ‘घरात आहे का’ हा प्रश्न विचारून भागत नाही, हे गावाकडच्या शाखांत लगेच दिसलं. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवर जाणाऱ्या बापाबरोबर फोनही जातो आणि रात्री उशिरा किंवा पहाटे परततो. नववीतल्या मुलीच्या हाती संध्याकाळी मोबाईल द्यायला बऱ्याच आया राजी नसतात. राधानगरीकडे काही वाड्यांत रेंज मिळवायला रस्त्यावर यावं लागतं. आणि शहरातल्या वसतिगृहांत मोबाईलला बंदी. कोल्हापूरला बोर्डिंगची परंपरा शाहू महाराजांच्या काळापासूनची, १९०१ पासूनची. फ्लिप्ड लर्निंगचा विचार करताना ती मुलं मात्र पहिल्या प्रशिक्षणात कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

उपाय शाळेगणिक वेगळे निघाले. वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासिकेत टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून सगळ्यांनी एकत्र बघायचं ठरलं, आणि ते सगळ्यात नीट चाललं. (बर्गमन आणि सॅम्स यांनीही ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना डीव्हीडी करून दिल्या होत्या, तेव्हा यात काही कमीपणा नाही.) एका शाखेत परिपाठाच्या आधी संगणक कक्ष उघडा ठेवला. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर जे मिळतं, त्यातलं चांगलं निवडून शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवलं. सेमीच्या तुकडीत एक वेगळीच गंमत: पुस्तक इंग्रजी, युट्यूबवरचे व्हिडिओ हिंदीत, मुलं आपसांत बोलणार मराठी. तिथे शिक्षकांनी स्वतःचे पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ करणं सार्थकी लागलं, कारण इंग्रजी संज्ञा आणि मराठी समजावणी यांचा मेळ दुसरं कुणी घालून देत नव्हतं.

बाकी ठिकाणी व्हिडिओ सोडूनच दिला. पुस्तकातली दीड-दोन पानं आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीतला तिसरा प्रश्न सुरुवातीला ‘तुला काय कळलं नाही?’ असा होता आणि त्याला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: ‘सगळं कळलं.’ कळलं नाही असं बाईंना लिहून द्यायला मूल धजत नाही. करवीरच्या मॅडमनी तो प्रश्न बदलून ‘तुझ्या मैत्रिणीला यातलं काय अवघड जाईल?’ असा केला आणि चिठ्ठ्या भरून यायला लागल्या. त्या चिठ्ठ्या त्या परिपाठ चालू असताना चाळतात आणि तासाचा पहिला प्रश्न त्यातूनच काढतात.

मराठीच्या एका सरांनी स्टाफरूममध्ये टोमणा मारला, “धडा वाचून या, असं आम्ही तीस वर्षं सांगतोय. हे नवीन काय?” टोमणा रास्त होता. फरक इतकाच की त्यांच्या तासाला धडा वाचून आलेल्याला आणि न आलेल्याला काहीही वेगळं करावं लागत नव्हतं.

मुख्याध्यापक, पालक, टाचण

पहिल्या फेरीत मुख्याध्यापकांना बोलावलंच नव्हतं, त्यामुळे वर्गात आवाज वाढला की ते दारात येऊन उभे राहायचे. दुसऱ्या फेरीत दोन बैठकांना ते होते; एकदा स्वतः छातीशी बोटं धरून चुकलेही. त्यानंतर दारात उभं राहणं थांबलं. पाठ टाचणाचा, म्हणजे तासाच्या लेखी नियोजनाचा, नमुना मात्र अडला. त्यात शिक्षक काय करणार याला मोठा रकाना, मुलं घरी काय करून येणार याला जागाच नाही. संस्थेने आपल्या शाळांपुरता एक रकाना वाढवला. कागदावरचा हा बदल किरकोळ वाटेल, पण तपासणीला वही पुढे करताना शिक्षकाला जो धीर लागतो तो त्यातून मिळाला.

पालकसभेत अपेक्षित तेच आलं: “सर फळ्यावर शिकवत नाहीत, पोरं नुसती बोलत बसतात.” शहरातल्या शाळेने यावर भाषण न करता पालकांना एका तासाला मागे बसवलं आणि दिव्यांचाच प्रश्न घेतला. वायरिंगचं काम करणारे एक पालक पोरांच्या वादात इतके रंगले की त्यांना आवरावं लागलं. शंका सगळ्यांच्या मिटल्या असं नाही. क्लासला घातलेल्या मुलांचे पालक अजूनही कुरकुरतात, कारण क्लासमध्ये तोच धडा फळ्यावर आधीच झालेला असतो. त्या मुलांची पूर्वतयारी एका अर्थाने क्लासच करून देतो, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

काय टिकलं

सत्र संपताना शिक्षकांतले साधारण एक तृतीयांश नियमितपणे, म्हणजे प्रत्येक धड्यातला निदान एखादा भाग, या पद्धतीने घेत होते. तितकेच अधूनमधून. उरलेले जुन्यावर परत गेले, आणि त्यातल्या दोघा-तिघांचे तास मुळातच इतके चांगले असतात की मला त्यांना डिवचावंसं वाटलं नाही. घटक चाचणीच्या गुणांवरून काही निष्कर्ष काढलेला नाही. वर्ग वेगळे, प्रश्नपत्रिका वेगळ्या, काळ थोडा.

सगळ्यात उत्तम फ्लिप केलेला वर्ग एका गणिताच्या सरांचा आहे आणि त्यांनी आजवर एकही व्हिडिओ केलेला नाही. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घरी, त्यातली एक पायरी सरांनी मुद्दाम गाळलेली. वर्गात आल्यावर ती पायरी आधी शेजाऱ्याला समजावून सांगायची, मग अवघड उदाहरणं चौघांत मिळून. सर फिरत असतात आणि फार कमी बोलतात. निरीक्षणाला जाणाऱ्या शिक्षकाने सरांच्या बोलण्याची मिनिटं टिपायची, अशी आमची रीत होती. या तासाला निरीक्षक स्वतःच गणित सोडवायला बसला आणि टिपायचं विसरला.

जोडीने एकमेकांचे तास बघण्याची ही रीत टिकवणं सगळ्यात जड गेलं. ऑफ तासिका असली की तिथे बदली तास लागतो. ज्या शाखेत मुख्याध्यापकांनी आठवड्यातली एक ऑफ तासिका लिहून राखून ठेवली तिथे जोड्या चालू राहिल्या. जिथे ‘जमेल तसं बघा’ म्हटलं तिथे दुसऱ्याच महिन्यात बंद पडल्या.

दहावीला यंदा कुणी हात लावलेला नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर ठेवून प्रयोग नको, असं सगळ्याच शाखांचं म्हणणं पडलं आणि त्यावर आम्ही फार वाद घातला नाही. जूनमध्ये नवे शिक्षक रुजू होतील. त्यांच्यासाठी संस्थेने पुन्हा दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्रं असा प्रस्ताव ठेवला होता. बैठकीत तो बदलून घेतला: प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या सत्रात एक जोडीदार, पाच लिहिलेले प्रश्न आणि आठवड्यातली एक राखीव तासिका. वेळापत्रक करणाऱ्या सरांनी ती तासिका कुठून काढायची, यावर अजून सही केलेली नाही.